स्वतः ऐकलं असेल तरच

९ जानेवारी

प्रिय भोंगादादा,

आधी माझं वाच, मग तुझं लिही. परवा मी एका कपडे धुऊन देणाऱ्या दुकानात गाणं ऐकून आले. थट्टा नाही, तिकिटाचं अर्धुक खाली चिकटवलंय, आपल्या नियमाप्रमाणे. संध्याकाळी सहाला दुकान बंद झालं, यंत्रं थांबली आणि कपड्यांच्या घड्या घालायच्या लांब टेबलावर दोघी बहिणी चढून बसल्या. गटाचं नाव 'उरलेला साबण'. एक गिटार आणि दोन गळे, बाकी काही नाही. थोरलीचा आवाज खालचा, जरा खरखरीत. धाकटी त्याच्यावर एकच सूर ठेवते आणि श्वास संपेपर्यंत हलत नाही. दुसऱ्या गाण्यात ती थोडी घसरली, तर थोरलीने आपला सूर अलगद तिच्याकडे नेला, जणू ठरलंच होतं. आम्ही सगळी मिळून तेवीस माणसं होतो.

आता बातमी. आमच्या वाचनालयात शनिवारी दुपारी चार वाजता, वाचनकक्षातली टेबलं बाजूला सारून, गाण्याचे तीन कार्यक्रम करायला परवानगी मिळाली आहे. महिन्याला एक. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "गट तुम्हीच निवडा. पुस्तकं बांधणाऱ्यांनाही कान असतात म्हणे." हे कौतुक होतं की टोमणा, ते मी अजून ठरवतेय. पंधरा वर्षं मी तळघरात डिंकाच्या वासात बसून फाटकी पुस्तकं शिवतेय. वर बोलावून मला कुणी काही विचारायची ही पहिली वेळ. म्हणून हे मला नीट करायचंय.

पहिला गट तू सांग. लहानपणापासून मी तुझ्याच कानाने ऐकत आलेय. मावशीकडच्या रेडिओला एकच इअरफोन होता. तो आधी तुझ्या कानात जायचा आणि गाणं बरं असलं तरच माझ्या.

एक तक्रार आहे. तू फोनवर का येत नाहीस? वर्ष होऊन गेलं, दर वेळी वहिनीच बोलते आणि "पत्रातच मजा आहे" असा तुझा निरोप देते. ज्याच्या आवाजामुळे अख्खी गल्ली त्याला भोंगा म्हणायची, तो माणूस बोलायचं टाळतो, हे काही माझ्या पचनी पडत नाही.

तुझी,
शंकासूर

२० जानेवारी

प्रिय शंकासूर,

तळघरातून थेट वाचनकक्षात म्हणजे बढतीच झाली की. अभिनंदन. आणि ग्रंथपालबाईंचा तो टोमणाच होता, तू उगाच विचार करू नकोस.

माझीही बदली झाली आहे. काचेच्या कारखान्यात भट्टीजवळच्या, बाटल्या ओतायच्या यंत्रावरून काढून मला उजेडाच्या फळीवर बसवलंय. पांढऱ्या उजेडासमोरून बाटल्या सरकत जातात. तडा, बुडबुडा, वाकडी मान दिसली की उचलून बाजूला ठेवायची. निवांत काम आहे. डोळे तेवढे शाबूत पाहिजेत, आणि ते आहेत.

गटाचं विचारलंस. डोळे मिटून 'ओली माचीस'ला बोलाव. टायरच्या जुन्या गोदामात त्यांना पाहिलं, अर्धुक चिकटवलंय. गाणारी बाई नखशिखान्त गाते. मानेच्या शिरा ताठ, टाचा उचललेल्या, मुठी वळलेल्या. एका गाण्याच्या शेवटच्या ओळीला तिने डोळे मिटले आणि पहिल्या रांगेतली एक बाई रडायलाच लागली. ड्रमवाला अनवाणी होता. त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी बांधलेली होती आणि तरी तो गडी थांबला नाही. पायाखालची फळी अशी थरथरत होती की माझ्या बुटाची नाडी सुटली. आवाज म्हणशील तर दुहेरी टाक्यासारखा, ओढला तरी उसवणार नाही.

फोनचं म्हणशील, तर फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्रात तू मध्ये बोलू शकत नाहीस, हे सुख मला या वयात मिळालंय. ते काढून घेऊ नकोस.

तुझा,
भोंगा

२२ फेब्रुवारी

दादा,

'ओली माचीस' येऊन गेली.

साठ खुर्च्या मांडल्या होत्या आणि साठही भरल्या होत्या. तिसऱ्या गाण्यानंतर मोजल्या तर भरलेल्या एकोणीस. दादा, ती बाई बेसूर आहे. थोडीथोडकी नव्हे. कीबोर्डवाला एका गावाला निघालेला आणि ती भलत्याच. मानेच्या शिरा ताठ होतात हे खरं आहे, पण त्या सूर शोधताना होतात. आमच्याकडे रोज वर्तमानपत्र वाचायला येणारे निवृत्त पोस्टमास्तर आहेत. ते छत गळतं तेव्हाही जागचे हलत नाहीत. ते उठले, वर्तमानपत्राची घडी केली आणि जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. त्या गोदामातली बाई कशाने रडत होती, तेही मला कळलं.

ग्रंथपालबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पुढचाही असाच झाला तर तिसरा करायला नको. टेबलं होती तिथेच शोभतात." मी मान खाली घालून तळघरात गेले. दुसऱ्या दिवशी लोकांच्या नजरा चुकवत जिने उतरले. तुला हसू येईल, पण मला रडू आलं होतं.

मग मी तुझी पत्रं काढली. तारखेप्रमाणे लावून ठेवलेली असतात, धंद्याची सवय. सगळी बांधणीच्या टेबलावर मांडली. 'दुहेरी टाक्यासारखा, ओढला तरी उसवणार नाही' हे वाक्य ऑक्टोबरमध्ये तू 'कागदी होडी' या गटाबद्दल लिहिलं होतंस. जसंच्या तसं, स्वल्पविरामासकट. मग मी मागे मागे जात वाचलं. गेलं दीड वर्ष तुझ्या पत्रात कपडे, चेहरे, बूट, पट्टी बांधलेले अंगठे यांची जत्रा आहे, आणि आवाजाबद्दल पत्रामागे जेमतेम एखादं वाक्य. तेही दर वेळी शिवणकामाचं. कुठे टीप सरळ, कुठे काज मोठं, कुठे अस्तर लागलेलं. तू आयुष्यात स्वतःचं बटण लावलेलं मला आठवत नाही. वहिनी कपडे शिवते हे मला ठाऊक आहे. वहिनीला गाण्यांचा तिटकारा आहे, तेही ठाऊक आहे. मग हे काय चाललंय?

नियम आपण दोघांनी केला होता. स्वतः जाऊन ऐकलं असेल तरच लिहायचं, आणि खोटं लिहिलं तर पत्रं बंद. तिकिटांची अर्धुकं काय, दाराबाहेर पाचोळ्यासारखी पडलेली असतात, कुणीही उचलावीत.

एकच विचारते. 'ओली माचीस'च्या शेवटच्या गाण्यात सगळी वाद्यं थांबतात आणि ती बाई एकटीच काहीतरी करते. काय करते?

शंकासूर

३ मार्च

प्रिय शंकासूर,

तुझ्या कार्यक्रमाचा विचका झाला याचं मला फार वाईट वाटतंय. हे पहिलं आणि खरं. तू जिन्यावरून नजर चुकवत उतरलीस हे वाचलं त्या दिवशी माझ्या फळीवरून दोन तडकलेल्या बाटल्या निसटून गेल्या.

पण तू चोर सोडून संन्याशाला सुळी देते आहेस. मी गोदामात गेलो होतो. दारावर हातावर शिक्का मारणारा माणूस डावखुरा होता, पाहिजे तर कुणाला तरी पाठवून खात्री करून घे. शेवटच्या गाण्याला माझ्यापुढे एक ताडमाड माणूस येऊन उभा राहिला, त्यामुळे ती बाई काय करत होती ते मला दिसलं नाही. आणि व्यक्ती तितक्या प्रकृती. मला ती आवडली होती. तुझ्या पोस्टमास्तरांना नाही आवडली.

एक वाक्य दोनदा आलं, कबूल. वय झालं की माणूस गोष्टीसुद्धा दोनदा सांगतो.

आता रागावली असलीस तरी ऐक. मागच्या रविवारी संध्याकाळी पाचला शाळेच्या व्यायामशाळेत 'चौथा मजला' पाहिले. तिघं आहेत. माणसाहून उंच व्हायोलिनसारखं वाद्य उभ्याने वाजवणारी एक ठेंगणी बाई, एक ट्रंपेटवाला आणि गाणारा, जो दिवसा सुतारकाम करतो. माझ्या शेजारच्या माणसाने तोंडात पावाचा तुकडा घातला होता. गाणं सुरू झालं आणि त्याने चावायचं थांबवलं. दोन गाणी तो गाल फुगवून तसाच बसून होता. त्या उंच वाद्याचा घुमारा बाकातून पाठीत चढत होता. सुताराचा आवाज खूपदा धुतलेल्या सुती कापडासारखा, सुरकुत्या आहेत पण कुठे विरलेलं नाही. हो, पुन्हा कापडच. घरात दिवसभर शिवणयंत्र चालतं, त्याला मी काय करू?

यांना बोलाव. या वेळी माझं ऐक.

तुझा,
भोंगा

१४ मार्च

प्रिय दादा,

तुझंच बरोबर असेल. मीच फार ताणलं. कार्यक्रम फसला की माणूस कुणाच्या तरी माथी खापर फोडतो, तसं झालं. 'चौथा मजला'ला मी पत्र टाकलंय, मार्च सोडून देऊन थेट एप्रिलच्या शेवटच्या शनिवारसाठी.

रविवारी फोन केला होता. वहिनी म्हणाली, तू बाहेर गेला आहेस. असशील.

सोबत एक कॅसेट पाठवतेय. एका अगदी नव्या गटाची आहे, अजून त्यांनी नावही ठरवलेलं नाही, म्हणून वर काही लिहिलेलं नाही. माझ्या हाती कशी आली ते नंतर सांगेन. फार वेगळं प्रकरण आहे. दोन्ही बाजू सावकाश ऐक आणि मला मोकळेपणाने लिही. तुझ्या मतावर माझा तिसरा कार्यक्रम ठरेल. घाई नाही. मनापासून पाठवतेय.

तुझी,
शंकासूर

२९ मार्च

प्रिय शंकासूर,

कॅसेट मिळाली. दोन्ही बाजू ऐकल्या. फार हळुवार आहे. अशा गोष्टीबद्दल पुष्कळ लिहू नये असं मला वाटतं. दुसरी बाजू जास्त आवडली. तू इतक्या मनापासून पाठवलीस, त्याबद्दल आभार.

माझ्या सगळ्या कॅसेट एका खोक्यात भरून तुझ्याकडे रवाना केल्या आहेत. इथे जागा होत नाही. तुझ्या वाचनालयात कुणाला उपयोगी पडल्या तर बघ, नाहीतर तुझ्याकडेच राहू देत. 'कागदी होडी'च्या डबीचं झाकण तुटलंय, सांभाळून उघड.

कामाचा व्याप वाढलाय. बरेच दिवस पत्र आलं नाही तर काळजी करू नकोस. तुझ्या एप्रिलच्या कार्यक्रमाला माझ्या शुभेच्छा.

तुझा,
दादा

१० एप्रिल

दादा,

ती कॅसेट कोरी होती.

दुकानातून आणली, वेष्टण काढलं आणि तशीच पाकिटात घातली. तिच्यावर एक शब्द नाही, एक सूर नाही, शिंकसुद्धा नाही. आणि तुला ती हळुवार वाटली. दुसरी बाजू जास्त आवडली.

मी तुझं पत्र तळघरात उभ्याने वाचलं. मला वाटत होतं, तू लिहिशील, "वेडे, चुकून कोरी पाठवलीस." मग मी मनातल्या मनात तुझे पाय धरले असते आणि विषय संपला असता. त्यासाठीच पाठवली होती. तू यंत्रात घातलीही नाहीस ना? खोटं बोलायचं तर निदान एकदा ऐकून तरी बोलायचंस.

तो रविवारचा फोनही सांगून टाकते. वहिनी "हे बाहेर गेलेत" म्हणाली आणि तिच्या मागून तुझा आवाज आला, "कोण आहे गं?" तुझा आवाज लपवायला त्या घरात जागा नाही, दादा. म्हणजे वहिनीही सामील आहे. तुम्ही दोघं मिळून माझ्यापासून काय लपवताय? गाण्याचा कंटाळा आला असेल तर तसं सांगायचं होतं. माझा कंटाळा आला असेल तर तेही सांगायचं होतं, मी काही मेले नसते. चार वर्षं मी तुझी पत्रं एखाद्या दुर्मीळ पोथीसारखी जपली आणि त्यातलं एकही अक्षर खरं होतं की नाही, हे मला आज सांगता येत नाही. याचा मला राग आहेच, पण त्याहून जास्त दुःख आहे.

तुझं खोकं आलंय. मी ते उघडणार नाही. लाच घ्यायची मला सवय नाही. 'चौथा मजला'लाही येऊ नका म्हणून कळवलंय. तुझ्या शब्दावर मी पुन्हा माणसांना खुर्चीत बसवणार नाही.

खरं काय ते लिही, नाहीतर काही लिहू नकोस.

२१ एप्रिल

माझ्या लाडक्या शंकासूर,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग घरात नाचलो. खोटं वाटत असेल तर तुझ्या वहिनीला विचार. तिने यंत्र थांबवलं आणि मला वेड लागलं का म्हणून माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

आता क्रमाने सांगतो. मला ऐकू येत नाही. अगदी काहीच नाही असं नाही, पण फार थोडं येतं. अठरा वर्षं त्या यंत्रापाशी उभं राहिल्याची ही मिळकत. आधी चिमण्या गेल्या, मग दाराची घंटा, मग बायकांचे आवाज, मग सगळेच गाणारे. तोंडं हलताना दिसायची. खालचे आवाज तेवढे उरले, ड्रम आणि जाड तारा. कारखान्यात धोक्याचा भोंगा वाजला आणि मी एकटाच कामाला जुंपलेला राहिलो, म्हणून मला उजेडाच्या फळीवर बसवलं. फोनवर मी काय करणार होतो? समोर असलं तर तुझ्या वहिनीचं बोलणं मी ओठांवरून वाचतो. तुझे ओठ फोनात कुठे दिसणार?

पण मी प्रत्येक कार्यक्रमाला गेलोय. एकही अर्धुक उचललेलं नाही. जे दिसलं आणि पायाखाली जाणवलं ते मी लिहिलं. तुझी वहिनी सोबत येते आणि परतताना बसमध्ये, आवाज कसा होता ते मला कागदावर लिहून देते. तिला गाण्यातलं कळत नाही, पण खोटं बोलता येत नाही. ते टाके, टिपा, अस्तर सगळं तिचं. 'ओली माचीस'च्या दिवशी तिला लग्नाचे कपडे पुरे करून द्यायचे होते, मी एकटाच गेलो. आवाजाबद्दल काहीतरी लिहायला हवं म्हणून तिचं जुनंच वाक्य उचललं. तेवढी चोरी माझी. ती बाई बेसूर आहे हे मला कसं कळावं? तिने किती जीव ओतला होता ते दिसत होतं. माझ्या डोळ्यांना ते गाणं फार चांगलं वाटलं होतं.

तुला का नाही सांगितलं? भीती वाटली म्हणून. आपण सख्खे नाही, मावस आहोत, आणि वर्षानुवर्षं एकमेकांना दिसत नाही. आपल्या दोघांत काय आहे? गाणी आहेत. माझे कान गेले म्हटल्यावर तू मला काय लिहिणार होतीस, हवापाणी? तू तब्येतीची चौकशी करणारी दोन ओळींची पत्रं लिहायला लागशील, या कल्पनेनेच मला घाम फुटायचा.

आता त्या कॅसेटचं. तेव्हा तुझी वहिनी तिच्या बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती, घरात मी एकटा. कॅसेट लावली. चाकं फिरत होती. काहीच येईना. आवाज पूर्ण वाढवला, स्पीकरवर तळहात ठेवला, मग गाल ठेवला. काहीच नाही. दोन्ही बाजू संपेपर्यंत तसाच बसलो. मला वाटलं, जे थोडं उरलं होतं तेही गेलं. आता तू म्हणशील, मूर्खा, दुसरी कॅसेट लावून बघायची. नाही झाली हिंमत. तिच्यातूनही काही आलं नाही तर मग काय, या भीतीने मी हात लावला नाही. नंतर दार आपटलं की कळायचं, पण ते कानाला कळलं की पायांना, हे मला सांगता येत नव्हतं. तुझ्या वहिनीला काही बोललो नाही. खोकं बांधलं आणि तुला ते पत्र लिहिलं.

आणि मग तू लिहितेस, ती कोरी होती.

घरात एकही कॅसेट नाही, सगळ्या तुझ्याकडे. जिना उतरून खालच्या मजल्यावरच्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडून त्यांची कसरतीची कॅसेट मागून आणली. नुसतं एक-दोन, एक-दोन आणि मागे ठोका. तो ठोका मला ऐकू आला. डाव्या कानात, कानातच, पायात नाही. जन्मात इतकं सुंदर काही ऐकलं नव्हतं. तुझी वहिनी आधी हसली, मग रडली, मग इतके दिवस गप्प राहिल्याबद्दल तिने मला असं फैलावर घेतलं की ओठ वाचायची गरज पडली नाही.

चार महिने टाळत होतो ती तपासणी परवा करून आलो. वरचं गेलंय, ते परत येणार नाही. खालचं डाव्या कानात बऱ्यापैकी आहे आणि भट्टीपासून लांब राहिलो तर टिकेल, असं डॉक्टर म्हणाले.

राग असेल तर असू दे. पण खोकं परत पाठव.

तुझा,
भोंगा

ता. क. वन्सं, फोनवर खोटं बोलले ते यांनी शपथ घातली होती म्हणून. माझं मेलीचं तोंड तेव्हापासून कडू झालंय. आणि एक सांगते, मी त्या कार्यक्रमांना यांच्यासाठी जाते, मला त्यातलं एकही गाणं आवडलेलं नाही. 'चौथा मजला' सोडून. त्या सुताराला बोलवा.

२८ एप्रिल

प्रिय दादा,

खोकं आज सकाळी रवाना केलं. 'कागदी होडी'च्या डबीला नवं झाकण करून घातलंय, पुठ्ठ्याचं, वर कापड. बांधणीवालीकडून दुसरं काय मिळणार.

तुझं पत्र आलं तेव्हा मी काम टाकून जिन्यात जाऊन बसले. ग्रंथपालबाई वर जात होत्या. काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा मी पत्रच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तिथेच पायरीवर बसून ते वाचलं. म्हणाल्या, "त्या तिघांना परत बोलवा. मे महिन्याचा दुसरा शनिवार मोकळा आहे."

पण या वेळी मी आधी नियम पाळला. रविवारी साडेतीन तास बसने जाऊन 'चौथा मजला' स्वतः ऐकले, अर्धुक खाली आहे. ट्रंपेटवाला फार कमी वाजवतो. आता वाजवेल म्हणून आपण वाट बघतो आणि तो नुसता उभा राहतो. सुताराचा आवाज कसा आहे, याचा मी परतीच्या वाटेवर खूप विचार केला. वहिनीने लिहिलंय त्याहून नेमकं मला काही सुचलं नाही. त्यांची माफी मी मागितली आणि ते यायला तयार आहेत. तुम्ही दोघांनीही यायचं आहे. वाचनकक्षाची जमीन लाकडी आहे. ती उंच वाद्यवाली जिथे उभी राहील त्याला लागून पहिली खुर्ची तुझी, डावा कान तिच्याकडे येईल अशी ठेवते. वहिनी माझ्या आणि तुझ्या मध्ये बसेल. 'ओली माचीस'वाली शेवटच्या गाण्यात एकटीच शिट्टी वाजवते, तो ताडमाड माणूस पुढे नसता तर तुला दिसलंच असतं. आणि तब्येतीची चौकशी मी करणार नाही, घाम फोडून घेऊ नकोस.

आता एकच राहिलं, ते लिहिल्याशिवाय मला पुढे तुला काही लिहिता येणार नाही. तुझं २९ मार्चचं पत्र मी काल पुन्हा काढलं. ते लिहिताना तुला वाटत होतं की आता या जन्मात आपल्याला एकही गाणं ऐकू येणार नाही. आणि तू काय लिहिलंस? दुसरी बाजू जास्त आवडली. का, तर बहिणीने मनापासून पाठवली आहे, तिला वाईट वाटू नये. मग मी त्याच्या आधीचं माझं पत्र आठवून पाहिलं. त्यात मी कॅसेटबद्दलचं प्रत्येक वाक्य गोड लिहिलं होतं आणि त्यातलं एकही खरं नव्हतं.

दीड वर्षाची तुझी पत्रं उजेडासमोर धरून मी खोटं शोधत होते, दादा. सगळ्या गठ्ठ्यात फसवायला म्हणून लिहिलेलं पत्र एकच निघालं, आणि ते माझं होतं. मला माफ कर.

तुझी,
धाकटी बहीण